मूल कडेवर, पण सही स्वतःची

तुझा प्रश्न असा आहे: गावचं सरपंचपद यावेळी महिलेसाठी राखीव निघालं. सासऱ्यांनी आणि नवऱ्याने आपसात तुझं नाव ठरवून टाकलं. मुलगी अडीच वर्षांची आहे. तू विचारतेस की इतकी वर्षं राजकारणात काढताना मी माझी मुलं कशी वाढवली, त्यांची आबाळ झाली नाही का, मनाला लागलं नाही का, आणि तू उभं राहावं की नाही. मला काकू म्हटलंयस, म्हणून घरच्यासारखं बोलते.

उभी राहा, पण एका अटीवर. पोरीला घरी ठेवून जो वेळ तू बाहेर घालवशील, तो तुझ्या स्वतःच्या कामात गेला पाहिजे. कारभार नवरा बघणार आणि तू दाखवलेल्या जागी सह्या करणार, असं ठरत असेल तर फॉर्म भरू नकोस. आई घरात नसते तेव्हा तिच्या नसण्याची किंमत लेकरू मोजत असतं. माझ्या लेकरांनीही मोजली. पण ती दुसऱ्या कुणाच्या खुर्चीपायी मोजायला लावणं मला पटत नाही. खाली जे लिहितेय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली. १९९५ साली ग्रामपंचायतीची सदस्य झाले, २००० ते २००५ सरपंच होते, २००७ ला पंचायत समितीवर गेले, २०१२ आणि २०१७ असं दोनदा जिल्हा परिषदेवर. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा मीही थांबायचं ठरवलं. थोरली लेक १९९४ ची, धाकटा मुलगा १९९८ चा. माझं राजकारण आणि माझी लेकरं एकाच अंगणात, बरोबरीनं वाढली.

मलाही कुणी विचारलं नव्हतं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या. (आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या आहेत.) वॉर्ड राखीव निघाला की पुढारी मंडळी घरोघर बाई शोधत फिरायची. माझे दीर गोठ्यात आले. मी धार काढत होते, लेक बाजेवर झोपली होती. हात पूस आणि इथं सही कर, म्हणाले. मी केली. कशावर केली ते संध्याकाळी कळलं.

पहिल्या दीड वर्षात पंचायतीची पायरी मी चार-पाच वेळाच चढले असेन. शिपाई प्रोसीडिंग बुक, म्हणजे सभेतल्या ठरावांची वही, घरी घेऊन यायचा. लेकीला पाजत असले तर मांडीवर तिला धरून एका हाताने सही करायचे. एकदा तिला ताप चढला, उतरेचना, म्हणून दोन रात्री तालुक्याच्या दवाखान्यात काढल्या. घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. "वहिनी, फुली केलीय तिथं करा." पेन हातात घेतलं आणि त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, सहीच्या वरचा मजकूर वाचला. पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनची दुरुस्ती झाली, तिचं बिल मंजूर करण्याचा ठराव होता. सूचक दुसरे एक सदस्य, अनुमोदक म्हणून माझं नाव. सभेची तारीख तीच, ज्या दिवशी मी दवाखान्यात पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले होते. आणि त्या पाइपलाइनला आमच्या गल्लीत पाण्याचा थेंब येत नव्हता.

मी वही तशीच परत दिली. घरात तीन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. पुढच्या सभेला मी लेकीला कडेवर घेऊन गेले आणि मागच्या सभेला मी हजर नव्हते, तशी नोंद करा, एवढं एकच वाक्य बोलले. आवाज थरथरत होता. लेक खुर्चीखाली बसून खडू चघळत होती. पंचायतीतला माझा पहिला दिवस मी तोच धरते.

आता वही घरी येत नाही, डोंगल येतं, पेनड्राइव्हसारखं छोटं. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातात. त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि त्या सह्या डोंगलमध्ये असतात. कितीतरी गावांत बाई सरपंच असते आणि तिचं डोंगल, पासवर्ड, ओटीपीचा मोबाइल हे सगळं नवऱ्याच्या किंवा पुतण्याच्या खिशात असतं. तिने डोंगल डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. चौकशी लागली की नोटीस मात्र तिच्या नावाने येते. तुझं डोंगल तुझ्या कपाटात, तुझ्या मंगळसूत्राशेजारी राहील. फॉर्म भरायच्या आधी हे घरात बोलून घे. निवडून आल्यावर हे बोलणं फार जड जातं, मी अनुभवानं सांगते.

आता मुलांचं.

तुझ्या मुलीचं वय बघता तुझ्या सगळ्यात कामाचं हत्यार हे की पंचायतीची सभा सरपंच बोलावतो, आणि दिवस-वेळ तोच ठरवतो. आमच्याकडे सभा संध्याकाळी सातला व्हायची, कारण पुरुषांना ती सोयीची होती. बायका त्या वेळेला चुलीपुढं आणि मुलं पेंगुळलेली. मी सरपंच झाल्यावर सभा सकाळी अकराला आणली, मुलगा अंगणवाडीत असायचा तेव्हा. पहिल्या दोन सभांना कोरम भरला नाही. तिसरीला सगळे आले. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, कायदाच तसा आहे. ती दुपारी दोनला ठेव आणि पोरं घेऊन या म्हणून निरोप दे. कालवा होईल. ग्रामसेवक वैतागतील. होऊ दे. पोर रडतंय म्हणून बाई उठून गेली की तिचा प्रश्नही तिच्याबरोबर घरी जातो.

दुसरं मूल व्हायचं असेल तर हा भाग नीट वाच. पंचायत सदस्य किंवा सरपंच हा नोकर नसतो, म्हणून नोकरदार बाईला २०१७ पासून जी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते ती आपल्याला लागू नाही. उलट ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे पंचायतीची रजा न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं, किंवा चार महिन्यांहून जास्त काळ सलग गावाबाहेर राहिलं, तर पद जातं. बाळंतपणाला माहेरी जाणारी बाई यात सहज सापडते. १९९८ ला मुलाच्या वेळी मला सातवा लागला तेव्हाच मी रजेचा अर्ज लिहिला. ग्रामसेवक म्हणाले, बाळंतीण बाईला कोण विचारतंय, राहू द्या. मी तो सभेपुढं ठेवायला लावला, मंजुरीचा ठराव प्रोसीडिंगमध्ये उतरवून घेतला आणि त्याची नक्कल सहीशिक्क्यानिशी माहेरी घेऊन गेले. बाळ पाच महिन्यांचं असताना माझ्या गैरहजेरीची तक्रार झालीच. करणारे कोण ते लिहीत नाही, पण बाळाला बघायला येऊन टोपडं देऊन गेलेल्या घरातलेच होते. त्या नकलेपुढं तक्रार टिकली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जाची पोच घेते, अगदी लेकाच्या शाळेतसुद्धा.

दोन मुलांची अट तुला माहीत असेलच, तिसरं झालं की पद जातं. सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलामुळे माझ्या माहितीतल्या बायका घरी बसल्या. त्यातल्या बहुतेकींना तिसऱ्या वेळी विचारलंही नव्हतं. तिसऱ्या बाळाची नोंद जावेच्या नावावर लावायला निघालेली घरंही मी पाहिली आहेत. पदापायी लेकराचं नाव खोडायचं, याच्याइतकी वाईट गोष्ट मी या सगळ्या वर्षांत पाहिली नाही. घरात कुणी तसं सुचवलं तर तिथल्या तिथं नाही म्हण.

तू विचारलंस, आबाळ झाली का. झाली. कुठं झाली ते सांगते, म्हणजे तुला टाळता येईल.

सरपंच असताना माणसं पहाटे सहाला दारात यायची. रहिवासी दाखला, घरपट्टीचा उतारा, बोअर बंद पडला, टँकरची खेप आली नाही. मी रानात किंवा तालुक्याला गेलेली असले की थोरली दारात जायची. आठ वर्षांची होती. तिने आपणहून एक वही केली, शाळेची जुनी, मागची पानं कोरी असलेली. त्यात ती लिहायची: "वस्तीवरचा आजोबा आलता. टँकर नाय. चिडलाय." मला ती वही बघून इतकं भरून यायचं की मी चारचौघांत दाखवायचे, माझी लेक माझी पीए आहे म्हणून. वर्षभर असं चाललं. एकदा मी लवकर घरी आले तर एक माणूस दारू पिऊन ओट्यावर बसला होता आणि माझ्या लेकीला आईवरून बोलत होता. ती उंबऱ्यात उभी राहून वहीत लिहीत होती. खाली मान घालून लिहीतच होती. त्याच संध्याकाळी वही मी पेटीत ठेवली आणि ओट्यावर पाटी लावली: भेटण्याची वेळ सकाळी आठ ते दहा, पंचायतीत. लोक नाराज झाले, पुढच्या निवडणुकीत मतंही गेली असतील. पण हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. गावची माणसं घरी येणार, ते कुणाला चुकलेलं नाही, पण त्यांना उत्तर द्यायचं काम लेकराचं नाही. कौतुकाच्या भरात आपण त्यांच्यावर केवढं ओझं टाकतो ते आपल्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, तरी सांगते. २००७ मध्ये मी पंचायत समितीवर गेले त्या वर्षी लेक तेराची झाली. तिची पहिली पाळी आली त्या दिवशी मी तालुक्याला सभेत होते. घरी पोचायला रात्रीचे आठ झाले. जावेनं दारातच कानात सांगितलं. जावेनं तिला सगळं नीट समजावलं होतं, कपडे दिले होते, गोडाचा शिराही केला होता. मी आत गेले, लेक खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. एका गावात टँकर उलटला होता. मी बाहेर येऊन बोलले, पाच-सात मिनिटं. परत गेले तेव्हा ती झोपल्यासारखं करून पडली होती.

लेक आता तिशी ओलांडून गेली, तिला स्वतःला मूल आहे. मध्यंतरी एकदा मी तिला त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "तू सभेला होतीस त्याचं काही नाही आई, काकू होती. पण तू घरी येऊन फोन घेतलास. मी दोन दिवस जेवले नाही नीट." तिला तोवर हे कधी बोलता आलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

म्हणून तुला एक नियम देते, तो मी पुढं मुलाच्या बाबतीत पाळला आणि त्याचा उपयोग झाला. घरात पाऊल टाकल्यापासून पहिला अर्धा तास लेकराचा. मोबाइल पर्समध्ये, पर्स खुंटीला. कलेक्टरांचा फोन असो की आमदारांचा. तीस मिनिटांत कुणाचं धरण फुटत नाही. मी दिवसभर नसले तरी चालायचं, पण आल्यावरचा अर्धा तास चुकला की मुलगा रात्री झोपेत बोलायचा. मुलांना वेळ किती मिळाला याच्यापेक्षा तो कधी मिळणार हे पक्कं माहीत असणं मोठं, असं माझं मत बनलंय. "लवकर येते" म्हणू नकोस. "दिवेलागणीला येते" म्हण आणि ये. नाही जमणार असं दिसलं तर सकाळीच सांग, आज रात्र होईल. गावाला आश्वासन देताना आपण तोलूनमापून बोलतो. पोरांशी बोलताना तोंडाला येईल ते बोलून मोकळं होतो.

आणि मुलं सांभाळणार कोण? तुझ्या प्रश्नात "घरचे आहेत" एवढंच लिहिलंयस. घरचे म्हणजे कोण? सासू, जाऊ, की शेजारची मावशी? माझं सगळं राजकारण माझ्या जावेच्या हातांवर उभं होतं. माझ्या सत्काराचे हार तिने उकिरड्यावर टाकले, माझ्या पोरांची शी-शू काढली, मी आणलेल्या पाहुण्यांना चहा केला. बरीच वर्षं मी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत, घरचंच माणूस म्हणून. एकदा भांगलणीला ती एकटी दोन रोजांचं काम करताना दिसली, माझ्या वाट्याचं आणि तिच्या. तेव्हापासून माझ्या वाट्याच्या कामाला मी मजूर लावला, आणि मानधनातून तिच्या मुलांची फी भरत गेले. तिला सांगून, हिशेबानं. उपकार म्हणून केलं नाही, ते तिचंच होतं. तू बाहेर पडलीस की घरातल्या कुठल्यातरी बाईचं काम वाढणार. ती कोण, हे आधी ओळख, आणि तिच्याशी नवऱ्याने नव्हे, तू बोल.

चिखलफेकीबद्दल तू विचारलं नाहीस, पण ते येणारच. बाईला हरवायला लोक तिच्या कामावर बोलत नाहीत, चारित्र्यावर बोलतात. २००७ च्या प्रचारात माझ्याबद्दल एक कागद वाटला गेला. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. शाळेत कुणीतरी त्याला वाचून दाखवला. त्याने त्या मुलाचं डोकं फोडलं आणि घरी येऊन काही बोलला नाही. मला मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा कळलं. मी त्याला रानात घेऊन गेले, बांधावर बसवलं आणि तो कागद मीच त्याला वाचून दाखवला, शब्द न गाळता. याचा अर्थ काय, हे लोक का लिहितात, आणि यातलं खोटं काय, सगळं सांगितलं. तो बराच वेळ ढेकळं फोडत बसला. मग विचारलं, मग तू का उभी राहतेस? मी म्हटलं, पाण्यासाठी. त्याला ते पटलं, कारण आमच्या घरी पाणी तिसऱ्या दिवशी यायचं आणि घागरी त्यालाही उचलाव्या लागायच्या. तुझी मुलगी लहान आहे, अजून वेळ आहे. पण मोठी झाल्यावर अशी गोष्ट तिच्या कानावर बाहेरून पडायच्या आधी तुझ्या तोंडून पडू दे.

हे आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नकोस. मृणाल गोरे गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरू झाल्या. १९५८ साली पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. १९६१ ला त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, १९७२ ला विधानसभेत, १९७७ ला लोकसभेत. आणि लोकांनी त्यांना नाव दिलं ते पाणीवाली बाई. अहिल्या रांगणेकरही १९६१ पासून महापालिकेत, त्यांना दोन मुलगे. महागाईच्या विरोधात या दोघींनी बायकांना लाटणं घेऊन रस्त्यावर आणलं. पाणी, रॉकेल, तेल, धान्य हे विषय त्यांना कुणी दिले नाहीत. ते त्यांच्या स्वयंपाकघरात होते. आमच्या तालुक्यात टँकरच्या रांगेत मला पाणीवाली बाईंची आठवण यायची आणि जरा बळ यायचं.

हे मी वारंवार अनुभवलंय की आईपणामुळे जे दिसतं ते सभेतल्या इतरांना दिसत नाही. सरपंच असताना मुलाला अंगणवाडीत सोडायला मीच जायचे. एक दिवस त्याला वजनकाट्यात बसवलं तर काटा हललाच नाही. सेविका म्हणाली, दोन वर्षं असाच आहे, आकडे अंदाजानं लिहिते. कागदावर गावातली एकही पोर कमी वजनाची नव्हती. काटा आणला, सगळ्यांची वजनं पुन्हा घेतली, तेव्हा नऊ पोरं लाल रेघेखाली निघाली. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. आमच्याकडे ते दरवर्षी सतरंज्या आणि भांड्यांत जायचे. त्या वर्षी ते काट्यात आणि त्या नऊ लेकरांच्या खाण्यात गेले. तू निवडून आलीस की पहिल्या महिन्यात नमुना ५ ची रोकडवही मागव आणि हे दहा टक्के मागची तीन वर्षं कुठं गेले ते बघ. नमुना ८ आणि ९ ही बघ, कर कुणाला किती लागलाय आणि कुणाचा थकलाय ते त्यात असतं. सासरच्यांचा थकला असेल तर आधी तो भरायला लाव.

दारूबंदीच्या मतदानाचंही सांगते. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं, उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (दुकान बंद). अवघड भाग हा की यादीतल्या नावांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. मी पंचायत समितीवर असताना शेजारच्या गावात असं मतदान झालं. ज्या बायका येणार नव्हत्या त्यांचं कारण एकच होतं, मूल कुणाकडे ठेवू. मी त्या दिवशी सकाळपासून अंगणवाडीत बसले आणि पाळीपाळीनं अकरा लेकरं सांभाळली. एकाने माझ्या नव्या लुगड्यावर दोनदा शू केली. संध्याकाळी बाटली आडवी झाली.

पैशाचं थोडक्यात. २०२४ मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाला महिना सहा हजार रुपये. त्यात घर चालत नाही आणि चालवायचा प्रयत्न करू नकोस. शेळ्या असोत, शिलाई असो, दूध असो, तुझं स्वतःचं काहीतरी चालू ठेव. ज्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे नसतात, तिला ठेकेदाराने मुलाच्या वाढदिवसाला पाठवलेली सायकल परत पाठवता येत नाही. माझ्या दारात अशी सायकल आली होती. मुलगा सहा वर्षांचा होता, लाल रंगाची होती, त्याने तिच्यावर हात ठेवला होता. परत पाठवली. तो आठवडाभर रडला आणि मी दिवाळीला दूधसंघाच्या बिलातून घेतली ती जुनी, निळी.

अविश्वासाची धमकी कुणी दिली तर घाबरू नकोस. महिला सरपंचावर अविश्वास ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि तू थेट गावातून निवडून येणार असल्यामुळे वर ग्रामसभेचा कौलही लागतो. ठराव कोण आणतंय यापेक्षा ग्रामसभेत बायका किती येतील याकडे लक्ष ठेव.

आता फॉर्मपुरतं. कुठलीही थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, जातीचा दाखला लागत असेल तर तो, हे सगळं स्वतः जाऊन गोळा कर, कुणाला पाठवू नकोस. त्या निमित्ताने ग्रामसेवकाला तुझा चेहरा कळेल. निवडणूक खर्चाचं खातं तुझ्या नावाने उघड आणि चेकबुक तुझ्याजवळ ठेव. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. तो नवऱ्याने दिला असेल या भरवशावर राहिलेल्या आणि अपात्रतेची नोटीस घेऊन माझ्याकडे रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आज रात्री मुलगी झोपल्यावर नवऱ्याला समोर बसव आणि तीन गोष्टी विचार. डोंगल कुणाकडे राहील? सभेला माझ्याबरोबर कोण येईल, की मी एकटीच जाईन? आणि मला तालुक्याला उशीर झाला तर पोरीला जेवू कोण घालेल? पहिल्या दोन प्रश्नांना तो पटकन उत्तर देईल, ती उत्तरं नीट ऐक. तिसऱ्याला त्याने "आई घालेल" म्हटलं तर थांब आणि पुन्हा विचार. तो "मी घालेन" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून दोन तास बाहेर जाऊन ये, आणि आल्यावर पोरीला विचार की काय जेवलीस.